आधी नक्कल, मग अक्कल

आमच्या दुकानात भिंतीवर एकच पाटी आहे: "आधी नक्कल, मग अक्कल." अक्षर माझं, आणि ते वाईट आहे हे मला माहीत आहे. बिघडलेली डिस्क घेऊन कुणी आलं की तिच्याकडे नुसतं डोळे भरून बघायचं. मग तिची हुबेहूब नक्कल काढायची, तीही एक नाही, दोन. एक खेळायला, एक ठेवायला. मूळ डिस्क कपाटात कुलूप लावून ठेवायची आणि मग काय ती अक्कल नकलेवर चालवायची. नक्कल बिघडली तर दुसरी काढता येते. मूळ बिघडलं तर गिऱ्हाईक समोर बसून रडतं, आणि मला रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते अजून जमलेलं नाही. मी त्याच्यावरच ओरडते.

मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

दुकान माझं आणि माझ्या नणंदेचं. आम्ही ते काढलं तेव्हा लोक म्हणाले, नणंद-भावजय, महिनाभर टिकलं तरी खूप. नऊ वर्षं झाली. तिला मी 'वन्सं' म्हणते. ते काही मानानं नव्हे, चिडवायला. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे आणि तिला तो शब्द मुळीच आवडत नाही.

तर त्या दिवशी सकाळी दहाला दुकानाच्या दारात आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वन्संच्या सख्ख्या आई. हातात उशीचा अभ्रा, आणि अभ्र्यात घरचा कॉम्प्युटर.

"आपोआप बंद पडला," त्या म्हणाल्या. "मी काहीही केलं नाही."

आमच्या धंद्यात 'मी काहीही केलं नाही' हे वाक्य रोज चारदा ऐकू येतं. पण आईंच्या तोंडून आलं, म्हणून मी ओरडले नाही. अभ्रा मात्र दोन्ही हातांनी घेतला. त्या कॉम्प्युटरात बाबांचा आवाज होता.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एकतीस वर्षं बस स्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा आहे, कुणाचं पोर चुकलंय. आवाज असा, की हरवलेलं पोर तो ऐकून रडायचं थांबायचं म्हणे. निवृत्त झाल्यावर घसा स्वस्थ बसेना, म्हणून रोज सकाळी गॅलरीत बसून स्वतःसाठीच एक बातमीपत्र रेकॉर्ड करायला लागले. नाव 'घरगुती हवामान'. सहा वर्षांत दोन हजार एकशे चार बातमीपत्रं. आम्ही कुणी ती ऐकली नव्हती. 'ऐकणाऱ्यांसाठी नाही, बोलणाऱ्यासाठी आहेत,' असं ते म्हणायचे. अकरा महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला आणि आवाज गेला.

आता स्पीच थेरपिस्ट बाईंकडे एक यंत्र आलं होतं. टाइप केलं की बोलतं. त्यात तयार आवाज भरलेला होता, तो बाबांनी ऐकला आणि त्यांच्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलं, 'ही तर रुसलेली लिफ्ट आहे. मी मुकाच बरा.' मग बाईंनी सांगितलं की जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांचाच आवाज बनवता येईल. रेकॉर्डिंग नेमकी त्याच दिवशी चार वाजेपर्यंत पोचवायची होती. ती वेळ चुकली तर पुढची पाळी आठ महिन्यांनी. बाबांनी फळ्यावर 'ठीक' लिहिलं, पुसलं, आणि पुन्हा 'ठीक' लिहिलं. इतका खूश माणूस मी त्या अकरा महिन्यांत पाहिला नव्हता.

आणि आता ते सगळं उशीच्या अभ्र्यात.

"लाइट गेली होती का?" मी विचारलं.

"हो, गेली असेल. गेलीच," आई म्हणाल्या. "आठ-चाळीसला. मी आपली नुसती बसले होते."

मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसा चेहरा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वन्संनी डिस्क काढली, कानाशी धरली, चालवून पाहिली. कट कट कट असा आवाज आला. म्हातारी झाली होती डिस्क, आणि धक्का बसलेला दिसत होता. "वाचेल," वन्सं म्हणाल्या, "पण सावकाश." नक्कल काढायला बसवली. आमचा प्रोग्राम डिस्क अगदी पहिल्या दाण्यापासून शेवटच्या दाण्यापर्यंत वाचत जातो, अडलं तिथे सोडून पुढे जातो आणि शेवटी अडलेल्या जागी परत येतो. आईंना दोन कप चहा पाजला, तिसरा त्यांनीच करून आम्हाला पाजला, आमच्या ओट्यावरचा फडका धुतला आणि माझी पाटी तिरकी आहे म्हणून सरळ केली. सव्वाबाराला नक्कल तयार झाली.

इथे आमचं चुकलं. गिऱ्हाईकाला दोन नकला, घरच्याला एक. "घरचंच काम आहे, वहिनी," वन्सं म्हणाल्या, "चारला पोचायचंय, दुसरीला अजून दोन तास कोण घालवणार?" आणि मीही मान डोलावली. पाटी लिहिणारी मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मूळ डिस्क तेवढी कपाटात ठेवली. देवाच्या दयेनं नव्हे, सवयीनं.

वन्संनी नक्कल माउंट केली. माउंट म्हणजे डिस्कचं दार उघडून आतल्या फाइली दिसतील असं करणं. त्यांनी 'फक्त वाचायचं, लिहायचं नाही' असा हुकूम देऊनच दार उघडलं. आम्ही तिघी वाकून बघायला लागलो. 'घरगुती हवामान' नावाचा फोल्डर होता.

आत काही नव्हतं.

एकही फाइल नाही. धुऊन पुसून पालथं घातलेल्या पातेल्यासारखा फोल्डर. वन्सं म्हणाल्या, "असं कसं?" मी म्हणाले, "तूच उघडलंस, तुलाच विचार." वन्सं म्हणाल्या, "फक्त वाचायला उघडलंय, वहिनी, मी काहीही केलं नाही." आणि हे वाक्य एका दिवशी एकाच घरातल्या माणसांकडून दुसऱ्यांदा ऐकल्यावर माझं टाळकं सटकलं.

मी त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. फाइल पुसली गेली तरी डिस्कवर तिची खूण उरते, आणि त्या खुणेत कधी पुसली ती वेळही असते. मी त्या खुणा काढल्या. पहिली आठ वाजून एकोणचाळीस मिनिटं. दुसरी आठ एकोणचाळीस. तिसरी तीच. खाली खाली जात राहिले. दोन हजार एकशे चार फाइली, सगळ्या एकाच मिनिटात.

"लाइट आठ-चाळीसला गेली ना, आई?" मी विचारलं.

आईंनी फडका पिळला. आधीच पिळलेला होता.

"आपोआप फाइली पुसल्या जात नाहीत," मी म्हणाले.

"मग कुणी पुसल्या?"

"ते मी विचारतेय."

चोराच्या मनात चांदणं. आई खुर्चीत बसल्या आणि एकदम बोलायलाच लागल्या. सकाळी त्यांनी ठरवलं, त्या बाईंच्या हातात द्यायच्या आधी आपण ऐकून तरी बघू. हेडफोन लावला. पहिलं बातमीपत्र लागलं. आईंनी ते आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, बाबांच्या घोषणेच्या सुरात: "नमस्कार. स्वयंपाकघरावर पहाटेपासून कमी दाबाचा पट्टा तयार झाला असून भांड्यांचा गडगडाट अपेक्षित आहे. गॅलरीतल्या रहिवाशांनी जागा सोडू नये."

वन्संनी तोंडावर हात धरला. मी टेबलाखाली काहीतरी पडलंय असं दाखवून वाकले.

"हसा," आई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी वादळ. तिसऱ्या दिवशी मी गारपीट. चौथ्या दिवशी माझी बहीण येणार होती, तर म्हणे शेजारच्या राज्यातून दुसरं वादळ सरकतंय. दोन हजार दिवस माणूस रोज सकाळी माझ्यावर हसला, मी आत त्याचा चहा करत होते आणि मला पत्ताही नाही. आणि आता ते सगळं त्या बाई ऐकणार, त्यांचं ऑफिस ऐकणार. टाकलं सगळं कचरापेटीत."

"कचरापेटीत आहे?" वन्सं जवळजवळ नाचल्याच.

"कचरापेटीही रिकामी केली," आई म्हणाल्या. "भरलेली पेटी मला बघवत नाही."

आणि लगेच लाइट गेली. पडदा काळा झाला. मग त्यांना कळलं, आपण काय केलं. "रागाच्या भरात झालं गं. माणसाचा आवाजच टाकला मी केरात. ह्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. रडणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही, हे सांगितलंच आहे. मी ओरडणार होते. तोंडही उघडलं होतं. आणि तेवढ्यात माझी नजर त्या वेळेवर गेली.

आठ एकोणचाळीस. आठ-चाळीसला लाइट गेली.

"वन्सं," मी म्हणाले, "एक मिनिटसुद्धा गेलं नव्हतं."

आता हे नीट सांगायला हवं, आणि आईंच्याच यादीवरून सांगते, कारण मी त्या दिवशी त्यांनाही तसंच सांगितलं. आई कुठलंही काम करण्याआधी ते कपाटावरच्या कागदावर लिहितात आणि झालं की खोडतात. डिस्कही तसंच करते. काही बदलायचं असलं की आधी आपल्या यादीत लिहिते, त्या यादीला जर्नल म्हणतात, आणि मग सवडीनं खरं काम करते. मधेच लाइट गेली, तर पुन्हा चालू झाल्यावर यादी वाचते आणि राहिलेलं काम पुरं करते. शंभरातल्या नव्व्याण्णव डिस्का यामुळेच वाचतात. म्हणून आम्ही जर्नलला कधी अडवत नाही.

पण आईंच्या यादीत शेवटचं काम काय लिहिलं होतं? 'दोन हजार एकशे चार फाइली टाकणे.' लिहिलं होतं, केलं नव्हतं. तेवढ्यात लाइट गेली. आणि मग साडेतीन तासांनी आमच्या वन्संनी दार उघडलं, नकलेनं ती यादी वाचली आणि इमानदारीत सगळं केरात टाकलं.

"मी तर 'फक्त वाचा' म्हटलं होतं," वन्सं म्हणाल्या.

"ते स्वतःला म्हटलं होतंस. यादीला नाही."

ही गोष्ट आम्हा दोघींना नऊ वर्षं माहीत आहे. 'फक्त वाचा' म्हणून उघडलं तरी डिस्क आधी जर्नल पुरं करते. ते नको असेल तर 'जर्नलला हात लावू नकोस' असं वेगळं सांगावं लागतं. पण ते सांगायचं कधी, तर कुणी मुद्दाम पुसलंय असा संशय असेल तेव्हा. आणि आमच्यापुढे तर आपोआप बंद पडलेला कॉम्प्युटर होता.

"मग मेलं सगळं?" आईंनी विचारलं.

"नक्कल मेली," मी म्हणाले, आणि कपाटाची किल्ली काढली. मूळ डिस्कची यादी अजून कुणी वाचलेली नव्हती. तिच्या पोटात बाबा जसेच्या तसे बसलेले होते. फक्त ती डिस्क आणखी एकदा, पहिल्या दाण्यापासून शेवटच्या दाण्यापर्यंत, आम्हाला वाचू द्यायला हवी होती.

साडेबाराला दुसरी नक्कल लावली. तो दोन तासांचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. कट कट वाढली होती. वन्संनी डिस्कवर छोटा पंखा धरला. आई डिस्कशी बोलत होत्या, "शहाणी ना तू, थोडंच राहिलंय," हे असं. दोन वाजता बाबा डबा घेऊन आले. आईंनी तोंड धुतलं आणि खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागल्या.

मी बाबांना सहज विचारलं, "सकाळी लाइट गेली होती का हो घरी?"

त्यांनी आईंच्या पाठीकडे पाहिलं, मग फळ्यावर लिहिलं, 'हवामान स्वच्छ होतं.' माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि लगेच पुसून टाकलं. मी त्या गडबडीत त्याचा विचारच केला नाही. तेव्हा सत्त्याण्णव टक्क्यांवर डिस्क अडली होती.

अकरा मिनिटं अडली. मग घसा खाकरल्यासारखा एक आवाज झाला आणि पुढे सरकली. पावणेतीनला नक्कल पुरी झाली. मी म्हणाले, आता नकलेची नक्कल. वन्संनी लगेच कोरी डिस्क पुढे केली. ती वीस मिनिटांत झाली. मग मी नकलेलाच कुलूप लावलं, म्हणजे कुणी लिहायचं म्हटलं तरी लिहिता येऊ नये, आणि वर 'जर्नलला हात लावू नकोस' हे अक्षर न् अक्षर तपासून टाइप केलं. वन्संनी वाचलं. मी वाचलं. आईंना काही कळत नाही, तरी त्यांनीही चष्मा लावून वाचलं.

दार उघडलं.

दोन हजार एकशे चार. खाली सरकवत गेले तरी संपेचनात. वन्सं खुर्चीवर चढल्या, का ते त्यांना विचारा. आईंनी माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की मी कीबोर्डवर पडले आणि नकलेला कुलूप घातलं होतं म्हणून बरं झालं. बाबांना काय चाललंय ते कळलेलं नव्हतं, निदान मला तरी तसं वाटलं, पण ते टाळ्या वाजवायला लागले. तेरा फाइली खराब निघाल्या, मधेच अडखळणाऱ्या. बाकी सगळ्या ठणठणीत.

नीट आहे का ते बघायला मी सगळ्यात शेवटची फाइल लावली, ऑपरेशनच्या सकाळची. आई पडद्याजवळ सरकल्या. त्यांनी सकाळी एवढं पुढचं काही ऐकलं नव्हतं.

"नमस्कार. घरगुती हवामान," बाबांचा आवाज दुकानभर झाला. अकरा महिन्यांनी. "तांत्रिक कारणामुळे उद्यापासून हे केंद्र बंद राहील. सहा वर्षांत या केंद्राचा एकही अंदाज खरा ठरला नाही, याची नोंद घ्यावी. वादळ म्हणून सांगितलं त्या प्रत्येक दिवशी साडेतीनला चहा आला. आजही स्वयंपाकघरात गडगडाट आहे. तो आहे तोवर आम्हाला काही होत नाही. धन्यवाद."

बाबा आपल्याच आवाजाकडे मान कलती करून ऐकत होते, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यावर बघतात तसे. मग त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. साडेतीन झाले होते. आम्ही धावलो. चारला चार मिनिटं कमी असताना वन्संनी थेरपिस्ट बाईंच्या टेबलावर फाइली ठेवल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

रात्री घरी मला एवढंच आठवतंय की स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. लाइट गेली की ते बारावर येऊन लुकलुकतं. मी बघितलं, पाणी प्यायले आणि झोपायला गेले. दमलेल्या माणसाची अक्कल चालत नाही.

तीन आठवड्यांनी यंत्र आलं. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले, आम्ही भोवती उभ्या. दोन बोटांनी त्यांनी बराच वेळ टाइप केलं. आई म्हणाल्या, "आता काय अख्खं पुस्तक लिहिताय का?" बाबांनी बटण दाबलं.

"नमस्कार. घरगुती हवामान." त्यांचाच आवाज. किंचित सर्दी झाल्यासारखा, पण त्यांचाच. "तीन आठवड्यांपूर्वी सकाळी आठ एकोणचाळीसला कॉम्प्युटरच्या खोलीत ढगफुटी झाली. निरीक्षक दारात उभे होते. त्यांनी दार वाजवलं, टाळ्या वाजवल्या. श्रोत्यांच्या कानांत हेडफोन होता. नाइलाजानं निरीक्षकांनी दाराजवळचा प्लग उपटला. लाइट गेलेली नव्हती."

आईंचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला. त्या माणसानं सगळं पाहिलं होतं, आणि तीन आठवडे आईंपुढे एक अक्षर फळ्यावर लिहिलं नव्हतं. कानात त्याचाच आवाज ऐकत बायको त्याचा आवाज पुसत होती, आणि तो मागे मुका उभा होता.

"तुम्ही तिथे होतात?" आई म्हणाल्या. "मग मेलं, हाक नाही का मारायची मला?"

मग वन्संच्या नाकातून आवाज आला. मग माझं सुटलं. मी भिंतीला धरलं, वन्संनी मला धरलं. बाबांचे खांदे गदगदा हलत होते, आवाज नाही, नुसतं हसू आणि डोळ्यांतून पाणी. आईंना आपण काय बोललो ते सगळ्यात शेवटी कळलं, आणि त्या पदरात तोंड खुपसून अशा हसल्या की रडताहेत की काय तेच समजेना. थोडं रडतही होत्या.

बाबांनी डोळे पुसले, यंत्र जवळ ओढलं आणि दोनच अक्षरं टाइप केली.

"अगं," यंत्र म्हणालं.

आई त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभ्या होत्या. "आले," त्या म्हणाल्या, "आले, आले."